ह्यांची निवृत्ती, माझी बिनपगारी रजा आणि रत्नागिरीचा किनारा

ह्यांनी नोकरी सोडल्याचं मला स्वयंपाकघरात कळलं, मी कुकरच्या शिट्ट्या मोजत असताना. "अगं, मी अर्ज दिला." मला वाटलं, बदलीचा असेल. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून ह्यांची वीस वर्षं भरली होती, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती आणि पेन्शन दोन्ही मिळणार होतं. वय त्रेचाळीस. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ निवृत्तीला आठ महिने राहिले असताना गेले होते आणि तेव्हापासून ह्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. "वीस वर्षं कागदावर कालवे काढले. आता खरं पाणी बघायचं. दाभोळपासून सुरुवात करू आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जमिनीचं टोक येईपर्यंत जाऊ. वर्ष लागेल, दोन लागतील." बोलताना ह्यांचा चेहरा असा उजळला होता की मला नाही म्हणवेना.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही साताऱ्याला राहत होतो, मुलगी मनू साडेचार वर्षांची होती आणि मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. मी मुख्याध्यापिकांकडे जाऊन बिनपगारी रजा टाकली, दिवाळीच्या सुट्टीपासून शाळेचं वर्ष संपेपर्यंत. ह्यांना वाटलं, ही राजीनाम्याची पहिली पायरी. मला वाटलं, जूनपर्यंत ह्यांची हौस फिटेल. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. हल्ली नोकरी लवकर सोडून भटकायला निघणारी तरुण मंडळी माझा सल्ला मागतात. त्यांना मी हा परिच्छेद दोनदा वाचायला सांगते.

भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी निघालो. एक ट्रंक, एक वळकटी, एक स्टोव्ह आणि मनू. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. साताऱ्याहून कराड, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून दापोली आणि मग दाभोळ, सगळं एस.टी.ने. लहान मूल बरोबर असेल तर हे अंतर एका दिवसात ओढू नका. आम्ही ओढलं. घाटात मनू दोनदा ओकली आणि दापोलीच्या पुढे अंधार पडला, तेव्हा मी ह्यांच्याशी बोलणं बंद केलं होतं. सकाळी खिडकी उघडली तर समोर खाडीचं तोंड होतं, पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यातून एकेक होडी धक्क्याकडे येत होती. माझा राग कुठे गेला कोण जाणे.

दाभोळला वीस दिवस राहिलो, एका दुकानावरच्या खोलीत. ह्यांनी पहिल्याच दिवशी घड्याळ काढून ट्रंकेत टाकलं. भरती आली की उठायचं, ओहोटी लागली की चालायला जायचं. खानावळीत उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं कालवण मिळायचं. आम्हा देशावरच्यांना तो लालसर जाड भात पहिले दोन दिवस अर्धाकच्चा वाटतो, तिसऱ्या दिवसापासून त्याच्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. वाशिष्ठीची खाडी ओलांडून पलीकडे धोपाव्याला जायला लाँच असायची. ती चालवणाऱ्या तांडेलाने ह्यांना एकदा विचारलं,

"किती दिवसांसाठी आलाव?"

"ठरवलं नाही."

"काम काय काढलात?"

"काही नाही. नोकरी सोडली."

त्याने ह्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हळूच मला विचारलं, "वयनी, आजारी हायत काय?" मी म्हटलं, "तसंच समजा." हे पलीकडच्या काठापर्यंत हसत होते. आता त्या खाडीत मोठी फेरीबोट आहे, गाड्या घेऊन जाते, पण जमलं तर गाडी ठेवा आणि नुसते चालत चढा.

पुढे गुहागर, मग रत्नागिरी. ते दिवस मला आता वेगवेगळे आठवत नाहीत, एकमेकांत मिसळून गेलेत. भाट्याच्या वाळूत सुरूच्या झाडांखाली मनू झोपलेली असायची, हे तिच्यावर सावली राहील असे बसलेले असायचे. दुपार सरता सरत नव्हती आणि ती सरावी असं कुणाला वाटतही नव्हतं. मी वीस मिनिटांच्या मधल्या सुट्टीत डबा खाणारी बाई. इथे तीन तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, सोलून खायला मला अर्धा तास लागायचा आणि मधेच मी समुद्राकडे बघत हात तसाच धरून बसायचे. खोटं कशाला सांगू, मी सुखात होते. फक्त सकाळचे साडेदहा वाजायच्या सुमाराला, शाळेची घंटा व्हायच्या वेळेला, मी उगाच पदर सारखा करून उठून उभी राहायचे. घड्याळ ट्रंकेत असलं तरी मला ती वेळ कळायची.

फेब्रुवारीत पावस गावी आलो. रत्नागिरीहून एस.टी. खाडी ओलांडून सड्यावर चढते, सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ, आणि मग एकदम आंब्यांच्या झाडीत उतरते. तिथे तात्यांच्या घरात आम्हाला पुढची खोली मिळाली. तात्या साठीच्या पुढचे, स्वतःची कलमांची बाग असलेले, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारे. दोन्ही मुलगे मुंबईला नोकरीला, त्यामुळे घरात ते आणि काकी दोघंच. काकी दोघांच्या वाटचं बोलायच्या. कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा आणि काकींच्या गप्पा यांवर आम्ही दोन महिने काढले. आम्ही आलो तेव्हा कैऱ्या सुपारीएवढ्या होत्या. मनू रोज सकाळी एका ठरावीक कैरीला भेटायला जायची.

बागेच्या गडग्यापलीकडे, दगड रचलेल्या त्या कुंपणाच्या पलीकडे, शाळा होती. तिथून पाढे ऐकू यायचे, मग प्रश्न, मग एकच मुलगी उत्तर देतेय असं वाटावं इतका बारीक आवाज. मी रोज त्या गडग्याशी जाऊन उभी राहायचे.

"बाई, तुमी रोज हिकडं का उब्या ऱ्हाताव?" काकींनी एकदा विचारलंच.

"इथे वारा येतो."

"वारा त्या बाजूनंबी येतो," काकी म्हणाल्या आणि तांदूळ पाखडायला लागल्या.

मार्चअखेर पोस्टमनने माझ्या हातात पत्र दिलं. मुख्याध्यापिकांचं. बदली शिक्षिका तात्पुरती आहे, जूनमध्ये हजर होणार की नाही ते एप्रिलअखेर कळवा, नाहीतर जागा भरावी लागेल. मी ते मनूच्या स्वेटरखाली ट्रंकेत ठेवलं. त्याच दुपारी हे म्हणाले, "पुढच्या आठवड्यात निघू. विजयदुर्ग, मालवण, मग गोवा. पावसाळा कारवारला काढू. तू राजीनामा लिहून टाक बघू, पोस्ट इथे हाकेच्या अंतरावर आहे." मी म्हटलं, "बघू." आठ दिवस मी "बघू" म्हणत राहिले आणि आठ दिवस ते पत्र ट्रंकेतून माझ्याकडे बघत राहिलं.

पहिला आंबा उतरवला ती सकाळ. आंबा बागेबाहेर जायच्या आधी बागेच्या राखणदार देवाला नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्याने मागणं मांडायचं, अशी तिथली रीत. एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड होता. त्याच्यापुढे तात्या, काकी, आंबे उतरवणारे पाच-सहा गडी आणि आम्ही तिघं. आम्ही दोन दिवसांनी निघणार म्हणून तात्यांनी आम्हालाही उभं केलं होतं. पेट्या टेंपोत चढल्या होत्या, ड्रायव्हर बिडी ओढत थांबला होता.

तात्यांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि ते बोलायला लागले. दहा वाक्यांचा माणूस तो, पण देवापुढे अस्खलित बोलत होता. आधी बागेचं मागणं झालं, मग मुंबईच्या मुलांचं. प्रत्येक मागण्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत. मग आमची पाळी आली.

"बा म्हाराजा, ही देशावरची मानसं तुझ्या पायाशी येऊन ऱ्हायली."

"व्हय म्हाराजा."

"सायबांच्या मनात जमिनीचं टोक बगायचं हाय. वाटंत पोरीच्या पायाला काटा लागू देऊ नको."

"व्हय म्हाराजा." यात माझाही आवाज होता, मनूचा तर सगळ्यांच्या वर.

"बाईनं शाळा सोडली, चाकरी सोडली, ती आपल्या खुशीनं सोडली. तिला तसंच खुशीत ठेव."

सगळे म्हणाले. मी तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही.

तात्यांनी डोळे उघडले. "बाईचा व्हय नाय आला."

हे हसून म्हणाले, "म्हण की गं." माझ्याकडे बघितल्यावर त्यांचं हसू गेलं.

"तसं चालत नाय," तात्या शांतपणे म्हणाले. "ज्याचं गाऱ्हाणं त्यानं व्हय म्हनायला हवा. देवाला खोटं सांगितलं असं व्हतं, नि ते माज्यावर येतं. मी नारळ फोडणार नाय."

टेंपोवाल्याने हॉर्न वाजवला. कुणी तिकडे बघितलं नाही. सगळ्या बागेचा पहिला आंबा माझ्या एका शब्दावर अडला होता. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत एका दमात बोलले, "मी शाळा सोडलेली नाही. मला जूनमध्ये वर्गात जायचंय. मला शिकवायला आवडतं. शाळेचं पत्र आलंय, उत्तर द्यायचं राहिलंय."

"कधी आलं?" ह्यांनी विचारलं.

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस," हे म्हणाले. त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट चोळलं, वीस वर्षं पेन धरून तिथे घट्टा पडला होता. मला त्यांची दया आली, स्वतःचा संताप आला आणि त्या सगळ्याच्या खाली, सांगायला लाज वाटते, सुटल्याचा आनंद झाला.

"सायेब," तात्या म्हणाले, "आता तुमी बोला. काय मागू?"

ह्यांनी झाडांकडे बघितलं. मग म्हणाले, "तिला शाळा मिळू दे, असं मागा."

"नि तुमाला?"

"माझं मला कळत नाही, तात्या."

तात्यांनी पुन्हा डोळे मिटले. "बा म्हाराजा, बाईची शाळा बाईला मिळू दे. नि सायबाची वाट सायबाला मिळू दे. कशी ती तू बग, आमाला कळत नाय."

"व्हय म्हाराजा." ह्यांचा आवाज त्यात होता, हळू होता पण होता. नारळ फुटला. काकींनी खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि टेंपो निघून गेला.

इथून पुढे सगळं गोड झालं असं समजू नका. तीन दिवस हे माझ्याशी कामापुरतंच बोलले. चौथ्या दिवशी समुद्रावर म्हणाले, "मी तुला विचारलंच नाही." मी म्हटलं, "मीही सांगितलं नाही." मग मनू वाळूत खड्डा खणत होती तो आम्ही दोघांनी मिळून खणला, पाणी लागेपर्यंत. परतताना आंबा घाटाने कोल्हापूर आणि तिथून सातारा असे आलो. तात्यांनी दिलेली पेटी पायाशी होती. अख्खी एस.टी. त्या वासाने भरली होती आणि कंडक्टर उगाचच आमच्याजवळ येऊन उभा राहत होता.

काय उरलं, असं लोक विचारतात. उकड्या भाताची सवय उरली, ती अजून आहे. किनारा आम्ही शेवटी पुरा केला, पण तुकड्यातुकड्यांनी, दर मेच्या सुट्टीत एक. टोकाला पोचलो तेव्हा मनू कॉलेजात होती. मे महिन्यात समुद्र नुसता तापलेला असतो, हवेत धूर भरल्यासारखं वाटतं. धुक्यातून होड्या येताना बघायला हिवाळा लागतो. तो हिवाळा मी ह्यांच्याकडून घेतला, हे मला ठाऊक आहे. आणि पुन्हा तशी वेळ आली तरी माझ्या तोंडून तो शब्द निघणार नाही, हेही ठाऊक आहे.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी मी हजेरी घेतली, एकेक नाव वाचलं, "हजर बाई" ऐकलं आणि फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले. संध्याकाळी घरी आले तर हे जिन्याच्या पायरीवर बसलेले. जन्मात पहिल्यांदा घरी बसून माझी वाट बघितली होती त्यांनी. चहा केला होता, तो पार काळा झाला होता. मी तो प्यायले. "सांग," हे म्हणाले, "काय काय झालं, सगळं सांग." मी सांगत बसले, कोण कुठल्या बाकावर, कोण उंच झाली, कुणाचे दात पडले.

दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हाही ते पायरीवरच होते. मी चप्पल काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "पुढच्या मेच्या सुट्टीची तारीख लागली का गं?"