शिंप्याचा सिनेमा

माझा मोठा भाऊ सिनेमे काढतो. काढतो म्हणजे काय, बावीस वर्षांत तीन. पहिला एका सभागृहात दोनदा दाखवला, दुसरा कपाटात पडून आहे, आणि तिसऱ्याचं हे असं झालं.

तिसऱ्यात नायक आमचे बाबा. बाबा शिंपी, सिनेमाही म्हाताऱ्या शिंप्याचा. नट परवडत नव्हता, असं मी म्हणते. 'तो चेहरा कुठल्याच नटाकडे नाही,' असं दादा म्हणतो. बाबांच्याच दुकानात, त्यांच्याच मशीनवर वीस दिवस शूटिंग झालं. बाबा भलतेच खूश. गिऱ्हाइकाला म्हणायचे, "नीट उभे राहा, हिरो माप घेतोय."

मग दादा एडिटिंगला बसला तो सहा वर्षं उठलाच नाही. "कापाकापीत बापालाही मागे टाकलंस," मी चिडून म्हणायचे. इकडे काचबिंदूनं बाबांची नजर चालली होती. आधी सुईत दोरा ओवेना, मग दुकान बंद झालं. "मला बघायला मिळेल ना रे?" एवढंच ते विचारायचे. "पुढच्या महिन्यात," दादा म्हणायचा. नजर काही त्याच्यासाठी थांबली नाही.

शेवटी एका थिएटरनं मंगळवारी सकाळचा एक खेळ दिला. आम्हाला धरून अकरा डोकी. बाबा स्वतः शिवलेला कोट घालून आले. "दिसत नाही तर नाही, ऐकू तर येतं," म्हणाले.

पडद्यावर बाबा आले, गळ्यात टेप. मला रडूच फुटलं. मग ते बोलले. आवाज त्यांचा नव्हता. बाबांचा आवाज घोगरा, शब्द कळत नाहीत, म्हणून दादानं संवाद नव्यानं लिहून एका मुरलेल्या नटाकडून बोलून घेतले होते. या धंद्यात सर्रास करतात म्हणे. आम्हाला सांगायचं त्याला सुचलंच नाही.

बाबा जिवाचा कान करून बसले होते. मध्येच माझ्याकडे वाकले. "मशीन आपलंच गं. हा माणूसही छान बोलतो. मी कधी येतो?"

"येताय बाबा, आता येताय."

दोन तास मी हेच सांगत राहिले.

दिवे लागले. दादा धावत आला. "कसा वाटला, बाबा?"

"चांगला झालाय." बाबांनी चाचपडत त्याचा खांदा धरला. "मला काढून टाकलंस ना? असू दे रे. जास्तीचं कापड कापावंच लागतं."