अण्णांनी फिरवलेली मान

आधीच सांगून टाकते… भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. "ताई, फोटोत कायतरी पांढरं आलंय बघा," म्हणत मोबाईल पुढे करणारी माणसं आमच्या दुकानात अधूनमधून येतात. मी ओढणीच्या टोकाने लेन्स पुसते आणि मोबाईल परत देते. भूत गेलं! आमचे हे म्हणतात, बाहेर मांत्रिकाची पाटी लावू या, चांगलं चालेल. तुमचे इथले अनुभव वाचतानाही मी बऱ्याचदा नाक मुरडलेलं आहे, खोटं कशाला बोलू? आता माझ्यावर तीच वेळ आली आहे, तेव्हा तुम्हीही खुशाल मुरडा.

रहिमतपूरला आमचा फोटो स्टुडिओ आहे, सासऱ्यांनी काढलेला. लग्नाचं शूटिंग हे बघतात आणि मी आत कॉम्प्युटरवर बसते. फोटो प्रिंटला जायच्या आधी त्याचं जे जे करावं लागतं ते माझ्याकडे. उजेड सुधारायचा, मांडवाच्या कापडाचा चेहऱ्यावर पडलेला लाल रंग काढायचा, डोक्यामागची वायर पुसायची, मापात कापायचं… हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, पण भिंतीवर लावायचा फोटो असला की माणसं अजून आमच्याकडेच येतात.

त्यातलं खास काम म्हणजे जोड फोटो. जुन्या पिढीत बायकोशेजारी उभं राहून फोटो काढायचा म्हणजे लाज वाटायची. त्यामुळे नवऱ्याचा फोटो कुठल्यातरी लग्नातला आणि बायकोचा बँकेच्या पासबुकासाठी काढलेला, असं असतं. मुलं मोठी झाली, घर बांधलं, की त्यांना हॉलमध्ये आई-वडील एका फ्रेममध्ये हवे असतात. मग आम्ही दोघांना जोडतो.

सासऱ्यांचा त्यात नियम होता… बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला, आणि दोघांच्या माना किंचित एकमेकांकडे. तोंड फिरवलेला जोडा भिंतीवर लावू नये, घरात भांडणं लागतात, म्हणायचे. भांडणांना फोटो लागत नाही हे मला लग्नानंतर लगेच कळलं होतं, पण नियम मी पाळते, कारण फोटो दिसतो छान. एखाद्याची मान उलट्या बाजूला असली तर फोटो फ्लिप करायचा, म्हणजे आरशात दिसतो तसा फिरवायचा. फक्त मग शर्टाचा खिसा उजवीकडे जातो, गालावरचा तीळ दुसऱ्या गालावर जातो. ते एकेक परत जागेवर आणावं लागतं. न आणलं तर नातू येऊन म्हणतो, हे आमचे आजोबा नव्हेत.

तर सुनंदाताईंचं काम असंच आलं. सुनंदाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. एकुलत्या एक. वडील, म्हणजे अण्णा, जाऊन काही वर्षं झालेली. आई त्यांच्याजवळच असते. इथेच नवं घर बांधलं, वास्तुशांत होती, म्हणून जोड फोटो हवा होता. आईचा फोटो मी स्टुडिओतच काढला. अण्णांचा पेनड्राइव्हमध्ये होता, चुलत भावाच्या लग्नातला. मांडवात खुर्चीवर बसलेले, पांढरा शर्ट, मिश्या अगदी फौजी. मागच्या कुणाचातरी हात त्यांच्या खांद्यावर आलेला. आणि मान त्यांच्या उजव्या हाताला फिरवलेली.

"दुसरा नाही का एखादा?" मी विचारलं. "समोर बघणारा?"

"सगळ्यात असेच आहेत," सुनंदाताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते. आमचे अण्णा आयुष्यभर असेच बसले. आई या बाजूला, तर यांचं तोंड त्या बाजूला. ती बोलतेय आणि हे दुसरीकडेच बघतायत. माझ्याशी तर तेवढंही नाही. मी हाका मारायची, ते वळायचेसुद्धा नाहीत. आईनं कधी चकार शब्द काढला नाही. पण मला राग आहे… अजून आहे. तुम्ही त्यांना आईकडं बघायला लावा. जिवंतपणी नाही बघितलं, भिंतीवर तरी बघू द्या."

मी म्हटलं, ताई, काळजी नको, तेवढं काम तर एका क्लिकचं आहे.

अण्णांना फ्लिप केलं. खिसा परत डावीकडे आणला. मग खांद्यावरचा तो हात काढला आणि त्याखालचा शर्ट रंगवून काढला. चेहऱ्यावरचा लाल रंग उतरवला, मागे निळसर पडदा टाकला आणि आईंना त्यांच्या डाव्या हाताला बसवलं. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सुनंदाताईंनी स्क्रीनवर बघितलं. मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "बघतायत बघा आईकडं…" मलाही फार बरं वाटलं.

मोठी प्रिंट साताऱ्याच्या लॅबमधून येते. त्याआधी रंग बघायला मी आमच्याच प्रिंटरवर लहान प्रिंट काढते. काढली. प्रिंट बाहेर आली आणि अण्णा उजवीकडे बघत होते. म्हणजे आईंकडे नाही, फ्रेमच्या बाहेर.

मला वाटलं, मीच चुकून फ्लिप काढलं असणार. स्क्रीन बघितली, तर तिथे दोघं एकमेकांकडे बघतायत! परत काढली, परत तेच. ह्यांना हाक मारली. हे म्हणाले, जुनी फाईल गेली असेल प्रिंटरला, बंद करून चालू कर. बंद करून चालू केलं. फाईलला नवीन नाव दिलं. तरी अण्णांची मान तिकडेच.

आणि जुनी फाईल म्हणावं, तर ते शक्यच नव्हतं. खांद्यावरचा हात मी फ्लिप केल्यानंतर काढला होता, पडदाही नंतरच टाकला होता. प्रिंटमध्ये हात नव्हता, लाल रंग नव्हता, पडदा होता. माझं सगळं काम जसंच्या तसं होतं आणि फक्त अण्णा मूळच्या बाजूला वळलेले. असा फोटो माझ्या कॉम्प्युटरवर कधी तयारच झाला नव्हता… मग तो छापला कुठून गेला?

आमच्या प्रिंटरवरचा विश्वास उडाला म्हणून मी फाईल साताऱ्याला पाठवली आणि फोटो एसटीच्या गाडीत ठेवून द्यायला सांगितलं. दुपारी लॅबवाल्याचा फोन आला.

"वहिनी, आवं ह्यात काय केलंय तुमी? माझ्या स्क्रीनवर काका काकूंकडं बघत्यात आन प्रिंटमदी तोंड फिरवून बसल्यात!"

"तुझं मिरर चालू राहिलं असेल," मी म्हटलं. पण म्हणतानाच मी आमची लहान प्रिंट परत उचलून बघितली.

"मिरर असता तर काकू बी पलीकडं गेल्या असत्या की. त्या हायत तिथंच हायत. येकटं काकाच फिरल्यात. लय कागद वाया घालवला बघा, आता हाय ती पाठवतो."

ह्यांनी तो मोठा फोटो उलटसुलट करून बघितला आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. दुसरं काही करायला वेळही नव्हता. वास्तुशांत दुसऱ्या दिवशीच होती आणि संध्याकाळी सुनंदाताई आईंना घेऊन फोटो न्यायला आल्या.

मी काय सांगणार? मशीन बिघडलंय म्हटलं, दोन दिवसांत नीट करून देते म्हटलं. स्क्रीनवरचा फोटो परत दाखवला. पण सुनंदाताईंची नजर टेबलावरच्या प्रिंटवर गेलेली होती. त्यांचा चेहरा एकदम पडला. मग लालबुंद झाला.

"फिरवलंच का शेवटी तोंड!" त्या म्हणाल्या, माझ्याशी नाही, फोटोशी. "एवढं करूनसुद्धा! राहू द्या ताई. फोटोच नको. आईचा एकटीचा लावते मी. एकटीच होती ती कायम."

आणि त्या निघाल्याच. दारापर्यंत गेल्यासुद्धा. पण आई उठल्या नाहीत. त्यांनी फोटो ओढून मांडीवर घेतला, चष्मा वर-खाली करून बघितला… आणि हसल्या. तोंडाला पदर लावून, नव्या नवरीनं हसावं तशा.

"आगं, बराबर हाय की ह्यो फोटू," त्या म्हणाल्या. "असंच बसायचं त्येनी."

"तेच तर म्हणतेय ना मी! जन्मात कधी तुझ्याकडं तोंड केलं नाही त्यांनी!"

"तोंड न्हाई केलं. कान केला." आईंनी फोटोतल्या अण्णांच्या कानावर बोट ठेवलं. उजवीकडे मान वळवल्यामुळे त्यांचा डावा कान बरोबर आईंच्या तोंडापाशी आलेला होता. मी इतके तास तो फोटो बघत होते, पण मला तो कान दिसला नव्हता. "उजव्या कानानं काय बी ऐकू येत न्हवतं त्यास्नी, डाव्यानं बी अगदी जवळ बोललं तरच. फौजंत तोफखान्यात हुते न्हवं. तोफंच्या आवाजानं गेला त्यो कान. फौजंच्या डाक्टरला कळलं आसतं तर क्याटेगरी उतरली आसती, अनफिट म्हनून घरी धाडलं आसतं. मला तेवढं सांगितलं आन शपथ घातली. कुनाला बोलायचं न्हाई."

सुनंदाताई दारातच उभ्या होत्या. "मग पेन्शनीवर आल्यावर?"

"मग कारखान्यावर वाचमन झालं की. भैऱ्या मानसाला कोन वाचमन ठेवतंय? आन पोराच्या तोंडात काय ऱ्हातंय? शाळत बोलली आसतीस. फुडं फुडं सवयच झाली. लाज बी वाटायची."

"मला… मला कधी…" सुनंदाताईंनी दाराची चौकट धरली. "आई, मी जेवायला त्यांच्या उजवीकडं बसायची गं. रोज. शाळेतलं सगळं सांगायची. बाई काय म्हणाल्या, मला किती मार्क पडले… ते कधी हूं नाही की चूं नाही. मग मी सांगायचंच सोडलं."

"ठावं हाय मला." आईंचे डोळे भरले. "त्येनी बघायचं तुझ्याकडं. तुझं व्हट हालायचं तेवढं दिसायचं. तू निजलीस की मला इचारायचं, पोर आज काय म्हनत हुती गं? आन मी सगळं सांगायची. बाई काय म्हनल्या, मार्क किती पडलं… समदं. ह्या कानात."

सुनंदाताई हळूहळू आत आल्या आणि आईच्या पायाशी, खाली फरशीवरच बसल्या. "वर्गात एखाद्या पोराला ऐकू येत नसलं की मला पहिल्या दिवशी कळतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी! त्याला मी पुढच्या बाकावर घेते, पालकांना बोलावते. आणि घरात…" आई त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मी आणि हे, आम्ही उगाचच काउंटरवरच्या फ्रेमा सारख्या करत बसलो. डोळे आमचेही कोरडे नव्हते.

तोच फोटो त्यांनी नेला. मी वास्तुशांतीच्या जेवणाला गेले तेव्हा तो हॉलमध्ये लागलेला होता. आई हयात आहेत म्हणून हार नव्हता, नुसतं एक फूल खोचलेलं. सुनंदाताईंनी आपली खुर्ची फोटोखाली अण्णांच्या डाव्या कानाच्या बाजूला ठेवून घेतलेली आहे. शाळेतून आल्या की तिथे बसून वर्गातल्या पोरांच्या गमती सांगतात म्हणे. आईंनीच मला हे सांगितलं, आणि सांगताना परत तशाच हसल्या.

आता तुम्ही विचाराल, हे झालं कसं? मला माहीत नाही. दोन वेगळी मशीन, दोन वेगळी गावं, स्क्रीन बरोबर आणि कागद वेगळा… दुरुस्तीवाल्याला विचारलं, तो मशीन उघडून बघून म्हणाला, काही बिघाड नाही. हे अजूनही म्हणतात, सॉफ्टवेअरचाच काहीतरी घोळ असणार. पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. भुतांवर माझा आजही विश्वास नाही. सांगता मात्र येत नाही, एवढं कबूल करते. एक सवय तेवढी बदललीय. कुणाचाही फोटो फ्लिप करायच्या आधी मी घरच्यांना विचारते, हे असे का बसलेत?

मध्ये एकदा राहवलं नाही म्हणून मी तीच फाईल परत छापून बघितली. निमूट आली, अगदी स्क्रीनवर होती तशी. अण्णा आईंकडे बघतायत, आई अण्णांकडे. सासऱ्यांनी शाबासकी दिली असती असा जोडा आहे तो. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिलाय, कुणाला दाखवत नाही. फोटो छान आहे… पण त्यातल्या अण्णांना काहीच ऐकू येत नाहीये.