लगाम आवळला तेव्हा

शेवटच्या वळणावर आमच्या शेजारच्या दिनूभाऊंनी घोडीचा लगाम आवळला. मी कठड्याशी उभा राहून ते पाहत होतो. कित्येक मोठ्या शर्यती जिंकलेला हा जॉकी त्या दिवशी चौथा आला.

“विकला गेला,” मागून कुणीतरी म्हणालं. मलाही तसंच वाटलं.

संध्याकाळी मी त्यांना विचारलंच.

“ती पुढचा पाय जपून टाकत होती. दामटली असती तर मोडला असता,” ते म्हणाले.

मी मान हलवली. पण एकदा संशय शिरला की खरं बोलणंही सारवासारव वाटू लागतं. दिनूभाऊ पुन्हा शर्यतीत उतरले नाहीत.

वर्षभरानं ती घोडी मला कुरणात चरताना दिसली. पाय धडधाकट होता. तो त्यांनी वाचवला होता, की कधी दुखतच नव्हता, हे तिच्याकडे पाहून कळेना.