भैरवगढची गॅसभट्टी

वास येताच मी लाकडाच्या चुलीऐवजी बसवलेल्या नव्या भट्टीच्या गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला आणि वळलो, तर रंगारी हमीदचाचा रंगाच्या कढईकडे बघत उभे होते. आत लग्नाच्या ऑर्डरच्या चादरी होत्या. उकळी थांबली आणि चादरींवर रंगाचे डाग पडले.

“इंजिनियरसाहब, लकड़ी ने कभी ऐसा नहीं किया,” ते म्हणाले.

गळती मी जोडलेल्या पाइपच्या सांध्यातच होती. काल साबणाचा फेस लावून तपासायचं राहिलं, कारण मला आधी चकचकीत पाइपांचा फोटो आपल्या इंजिनियरांच्या ग्रुपवर टाकायचा होता. तुम्ही वाहवा केलीत. ‘टेस्ट केली का?’ असं कुणी विचारलं नाही. मी तरी तुमच्या फोटोंखाली कधी विचारतो?

ताजा कलम: दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा दुरुस्त करायला गेलो. चाचांनी चहा पाजला. कढईखाली लाकडं जळत होती.