सेइरी, सेइतोन आणि गोल्टी कांदा

नगरच्या एमआयडीसीत एका बोल्टच्या कारखान्यात मी कंत्राटी कामगार होते, तेव्हाची गोष्ट. आमचे साहेब इंग्रजी बोलत आणि त्या इंग्रजीत जपानी शब्द पेरत. कायझेन म्हणजे रोजची छोटी सुधारणा, कानबान म्हणजे माल मागवायची चिठ्ठी. सेइरी म्हणजे नको ते काढणं, सेइतोन म्हणजे उरलेलं जागच्या जागी लावणं, सेइसो म्हणजे झाडलोट. सगळी एकाच आईची लेकरं. तपासणीत हे नीट सांगेल तीच कायम होणार होती, आणि माझ्या डोक्यात त्यांची नुसती खिचडी.

रविवारी काष्टीला घरी गेले तर आई अंगणात कांदा निवडत बसलेली. मी वैतागून ते शब्द तिलाच ऐकवले, अर्थासकट. हात न थांबवता ती म्हणाली, "आधी सडका भाईर काढायचा. मग गोल्टा हिकडं, गोल्टी तिकडं. मग पाला झाडायचा. ह्यात पाठ काय करायचं?"

"आई, ते जपानी हाय."

"मग? जपानात कांदा न्हाई व्हय?"

मला हसूही आलं आणि रागही. गोल्टा मध्यम, गोल्टी त्याहून बारीक. नवख्याला फरक कळत नाही, आईचा हात मात्र कधी चुकत नाही.

सोमवारी तपासणीच्या बाईंनी विचारलं आणि मी सेइरी-सेइतोन नेमके उलटे सांगितले. मग सरळ समोरचा बोल्टचा ट्रे पुढ्यात ओढला. आटे गेलेले बाहेर काढले, लांब-आखूड वेगळे लावले, टेबल पुसलं. बाई म्हणाल्या, शब्द चुकले, काम चुकलं नाही. कुठे शिकलात? मी पटकन म्हणाले, "इथंच, ट्रेनिंगमध्ये."

कायम झाल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा आई मनापासून म्हणाली, "लई चांगलं शिकवलं म्हनायचं कंपनीनं." मला इतकी लाज वाटली की फोन लवकर ठेवला.

आता नव्या मुलींना मीच शिकवते. फळ्यावरचे शब्द नंतर, आधी टेबलावर पिशवीभर कांदे ओतते. गेल्या आठवड्यात आईला सांगून टाकलं की तपासणीत मी तिच्याऐवजी ट्रेनिंगचं नाव घेतलं होतं, माफी मागितली, आणि म्हटलं, एकदा तूच येऊन शिकव. साहेबांना विचारलंय.

ती म्हणाली, "कांदा मी आनू, का तितं हाय?"