भिंत दिव्यात पाहायची

"दिवा आडवा धरा, दीदी," तो म्हणायचा आणि भिंतीला गाल लावून एक डोळा मिटायचा. चुना वाळला की कंदील भिंतीला टेकवून ती पाहायची, ही त्याची रीत. जिथे उंचवटा, तिथे लगेच सावली. "भिंत उन्हात झूठ बोलते. दिव्यात नाही बोलत."

आमच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, हा पुताईवाला. रायपुरात राहिला असाल तर असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. मराठी घरांत चुना मारून मारून आमच्यासारखंच बोलायला लागला होता. दिवाळीआधी आमची घरं आणि नाताळाआधी कोपऱ्यावरचं जुनं चर्च. त्या भिंतीला तो दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही.

मी तेव्हा नवी नोकरीवाली, डोक्यात हवा. बैठकीच्या खोलीला मला चकचकीत तेलरंगच पाहिजे होता. तो म्हणाला, "ओल आहे दीदी, भिंतीचा दम घुटून राहील."

"तुले काय समजते फॅशनमधलं?" असं मी म्हटलं. मी! जिला चुना कशात भिजवतात हेही ठाऊक नव्हतं.

गोल बाजारातून डबे आणले, दुसऱ्याकडून रंगवून घेतलं. पावसाळा सरेस्तोवर भिंतीला पुऱ्यांसारखे फुगे आले. वर ट्यूबलाइट लावली की डोळे दिपायचे. आणि नेमक्या सासूबाई नागपूरहून निघालेल्या.

शेवटी आमच्या पुताईवाल्यालाच बोलावलं. तो आला आणि सरळ खरवडायला लागला. अर्धी भिंत झाली नाही तोच सासूबाई दारात. "काहून वं, काय करून ठेवलं हे घराचं?"

तो शिडीवरून उतरला. "माँजी, दीदी नकोच म्हणत होत्या. मीच जिद्दीनं तेलरंग लावला."

सासूबाईंनी त्याला मनसोक्त झापलं. मी शूरवीर, आत चहा करत राहिले.

मागच्या वर्षी शहराच्या उत्सवात त्या चर्चवर प्रकाशाची चित्रं दाखवायचं ठरलं. उत्सवाची पोरं भिंतीसाठी तेलरंगाचे डबे घेऊन आली. हा काठी टेकत सांगत होता, "चमकेल रे. चित्र दिसणार नाही." पोरं म्हणाली, "बाबा, आप बैठिए ना."

मग मात्र मी पुढे झाले. फुगे, सासूबाई, चहा, चाळीस वर्षं झाकून ठेवलेलं सगळं भर रस्त्यात सांगून टाकलं. पोरं पोट धरून हसली, पण डबे परत गेले आणि चुना भिजला.

तो हळूच म्हणाला, "दीदी, माँजींनी ऐकायला पाहिजे होतं."

शिडीवर आता दुसरे चढले. हा खाली खुर्चीत बसून ओरडत होता, "दिवा आडवा धर!"

उत्सवाला आठ दिवस असताना तो गेला.

उत्सवाच्या संध्याकाळी मी नातीबरोबर गर्दीत उभी होते. चित्र यायच्या आधी क्षणभर नुसता पांढरा उजेड भिंतीवर पडला. मी एक डोळा मिटला. कुठे चमक नाही, कुठे डाग नाही. मी टाळ्या वाजवायला लागले.

"आजी," नात कुजबुजली, "अभी कुछ आया कहाँ है?"

मी वाजवतच राहिले.