ताईच्या चार मात्रा

धाकटीने बावन्नाव्या वर्षी डॉक्टरेटला नाव घातलं तेव्हा नवरा म्हणाला, "चला, आता माझ्या गुडघ्याला घरातच औषध मिळेल."

"गुडघ्याला नाही, कानाला देईन," असं म्हणत तिने पियानोवर ठेवलेले इस्त्रीचे कपडे उचलले आणि सरावाला बसली.

सव्वीस वर्षं ती संगीत महाविद्यालयात साथ करत होती. गाणारे बदलत, परीक्षक बदलत, पियानोच्या स्टुलावर मात्र तीच. कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. कधी कधी तेही राहून जायचं. या डॉक्टरेटला नुसता जाडजूड प्रबंध लिहून भागणार नव्हतं. मंचावर वाजवून दाखवायचं, त्याचं रेकॉर्डिंग जोडायचं, आणि बोटांनी जे केलं ते का केलं, हे शब्दांत मांडायचं. तिचा विषय होता, गाणारा चुकला तर साथीदार त्याला कसा सावरतो.

मंचावर गायला अर्थातच ताई. थोरली बहीण साठीला टेकली होती, पण आवाज अजून खणखणीत आणि तोराही. "मी आयुष्यात कधी लय सोडली नाही," हे ती भाजीवाल्यालासुद्धा ऐकवायची.

कार्यक्रम रंगला. दुसऱ्या कडव्याआधी पियानोने एकट्याने आठ मात्रा वाजायचं ठरलेलं. चारच झाल्या आणि ताई गात मध्येच शिरली. धाकटीने उरलेल्या चार मात्रा डाव्या हाताने ताईच्या सुराखाली अलगद सरकवल्या. शेवटी टाळ्यांचा कडकडाट. विंगेत येताच ताई म्हणाली, "बघितलंस? या वयात एक चूक नाही!"

"नाहीच मुळी," म्हणत धाकटीने तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

पण मार्गदर्शक सरांनी रेकॉर्डिंग ऐकलं ते स्वरलिपी पुढ्यात ठेवून.

"अहो बाई, हेच तर हवं होतं! चौथं प्रकरण यावरच उभं करा."

"सर, दुसरं एखादं उदाहरण चालणार नाही?"

"आणणार कुठून? विद्यार्थ्यांच्या परीक्षांची रेकॉर्डिंगं वापरता येत नाहीत. पुराव्याशिवाय नुसत्या बाता होतील. बहिणीचं नाव नका घालू, 'गायिका अ' म्हणा. पण या प्रकरणाशिवाय मी सही करणार नाही."

प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते. गायिका अ म्हटलं तरी बहीण ती बहीणच. जन्मभर जे झाकण्यात सगळं कसब लावलं, तेच चव्हाट्यावर मांडून पदवी घ्यायची? तिने पान लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी लॅपटॉप पिशवीत घालून ती ताईच्या घरी गेली.

ताई उशांचे अभ्रे बदलत होती.

"ताई, परवाच्या गाण्यात एका जागी तू जरा लवकर आलीस."

"कोण, मी?"

"दुसऱ्या कड..."

"थांब, सांगू नकोस. लाव ते. माझे कान अजून शाबूत आहेत."

ताईने ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग चष्मा लावून ऐकलं, जणू चूक दिसणारच होती. चौथ्यांदा ऐकून ती ऐटीत म्हणाली, "छे गं! तुला भास झालाय."

धाकटीने स्वरलिपी उलगडली, रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि ओळीवरून बोट फिरवत मात्रा मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. पाचवर बोट टेकलं आणि ताईचा आवाज आला.

ताईने चष्मा काढला.

"असं किती वेळा झालंय?"

"मोजलं नाही कधी."

"म्हणजे पुष्कळदा." तिने उशी अभ्र्यात कोंबली, जरा जास्तच जोराने. "आणि मी भाजीवाल्याला सांगत सुटलेय!"

"नको असेल तर नाही लिहीत, ताई. पदवी राहिली तर राहिली."

"राहिली तर राहिली? तीन वर्षं झिजलीस ती माझ्या तोऱ्यापायी सोडून द्यायला?" दुसरी उशी तिने तशीच मांडीवर धरून ठेवली. आवाज जरा खाली आला. "लिही. पण ते अ-ब-क नको, सरळ माझं नाव घाल. आणि चार वेळा ऐकूनही मला सापडलं नाही, तेही लिही. याहून मोठा पुरावा तुझ्या सरांना कोण देणार?"

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी प्रबंध मिटून बाजूला ठेवला आणि डोळे मिटून रेकॉर्डिंग ऐकलं. "वाचून आलेय, तरी कानाला जागा सापडत नाही. पुन्हा लावता का?"

रेकॉर्डिंग पुन्हा सुरू झालं. मागच्या रांगेत ताई आधीच उठून उभी होती, हात वर करून.

"आत्ता! इथे घुसले बघा मी."

खोली हसली. ताईही हसली, पण धाकटीला मात्र स्वरलिपीवरची ओळ काही वेळ नीट दिसेना.

पदवी मिळाली, दोन-तीन तळटीपा दुरुस्त करायच्या अटीवर. जिना उतरताना ताईने तिचा दंड धरला.

"यापुढे चुकले की विंगेत आल्याबरोबर सांगायचं. कबूल?"

"कबूल," धाकटी म्हणाली. "आधी पाणी देईन, मग सांगेन."